चार्जरला शिव्या घालण्याआधी बॅटरीचे व्होल्ट बघा

या वेळी वाचकांच्या प्रश्नांत सगळ्यात जास्त काय आलं असेल तर लहान मुलांच्या बॅटरीवाल्या बाईकचे चार्जर. सुट्टी लागली, पोरांनी हट्ट करून माळ्यावरची बाईक खाली काढायला लावली आणि आता ती चार्जच होत नाहीये, असं बऱ्याच घरांत चाललेलं दिसतंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पहिल्याच प्रश्नाचं उत्तर जरा लांबलंय, पण बाकीच्यांचंही अर्धं उत्तर त्यातच आहे म्हणून ते आधी वाचा.

प्रश्न : मुलीची १२ व्होल्टची बाईक आहे, घेऊन दोनेक वर्षं झाली. पावसाळ्यात गॅलरीत झाकून ठेवली होती ती आता काढली. चार्जरची पिन लावली की दिवा लगेच हिरवा होतो, लाल होतच नाही, रात्रभर लावून ठेवली तरी सकाळी गाडी जागची हलत नाही. दुकानदार म्हणाला चार्जर गेलाय. नवीन आणला तर त्याचंही तेच. आता काय करू? – एक आई, चिंचवड

ताई, दोन वेगवेगळे चार्जर एकच गोष्ट सांगतायत म्हणजे दोष बहुतेक त्यांचा नाहीच. जुना चार्जर टाकला नसेल तर टाकू नका.

हिरवा दिवा म्हणजे बॅटरी फुल, असं आपण धरून चालतो. पण या साध्या चार्जरला बॅटरी भरली का नाही ते कळतच नाही, आपल्यातून करंट जातोय का एवढंच तो बघतो, करंट जात असला की लाल आणि थांबला की हिरवा. आता बॅटरी भरली तरी करंट थांबतो, वायर तुटली तरी थांबतो आणि बॅटरी आतून कडक होऊन करंट घेईनाशी झाली तरी थांबतो. तिन्हीला दिवा हिरवाच. खात्री करायची असेल तर चार्जर नुसता भिंतीच्या प्लगला लावा, पिन कशातच घालू नका, बहुतेक चार्जरवर तेव्हाही हिरवा लागलेला दिसेल.

आता एक मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र) लागेल, दोन-चारशे रुपयांत साधा मिळतो आणि घरात असावाच. त्याचं गोल बटण फिरवून डीसी २० व्होल्टवर ठेवा. आधी चार्जर तपासा, लाल टोक पिनच्या आतल्या भोकात, काळं टोक पिनच्या बाहेरच्या धातूला, फक्त दोन्ही टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. १२ व्होल्टच्या गाडीच्या चार्जरवर साधारण साडेतेरा ते पंधराच्या आसपास आकडा यायला हवा. जुन्या पद्धतीचा जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेला असेल तर मोकळा असताना सोळा-सतराही दाखवतो, घाबरू नका. शून्य आलं किंवा आकडा येतोय-जातोय असं झालं तर पिनजवळची वायर थोडी हलवून बघा, कारण आपण चार्जर वायर गुंडाळून गुंडाळून ठेवतो आणि ती नेमकी पिनच्या मानेशी किंवा डबीतून बाहेर येते तिथे आतून तुटते, वरून रबर एकदम धडधाकट. तसं असेल तर नवीन पिन लावून घ्या, काम होतं. काही हुशार चार्जर बॅटरी लागल्याशिवाय व्होल्ट सोडतच नाहीत आणि मोकळे असताना शून्य दाखवतात, तेवढा एक अपवाद लक्षात ठेवा.

मग सीट काढा, खाली काळी चौकोनी बॅटरी असेल. चार्जर न लावता बॅटरीच्याच दोन टोकांवर व्होल्ट घ्या. १२.७ किंवा वर म्हणजे भरलेली, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी, साडेदहाच्या खाली म्हणजे बऱ्याच दिवसांपासून उपाशी. काही गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात, तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या मोजा, बऱ्याचदा एकच बसलेली असते. (बदलताना मात्र दोन्ही बदला. एक नवी आणि एक जुनी जोडली की जुनी नवीलाही खाली ओढते.)

आता खरी परीक्षा. मीटर बॅटरीच्या टोकांवरच धरून ठेवा आणि कुणाला तरी चार्जरची पिन गाडीत लावायला सांगा. आकडा जरासुद्धा हलला नाही तर चार्जरचा करंट बॅटरीपर्यंत पोचतच नाहीये, मग गाडीतला चार्जिंगचा सॉकेट, फ्यूज आणि मधल्या वायरी बघायच्या. पावसाळ्यात गॅलरीत ठेवलेल्या गाडीच्या सॉकेटमध्ये आणि बॅटरीच्या चिमट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पावडर धरते, ती कोरड्या ब्रशने घासली, चिमटे जरा पकडीने आवळून परत घट्ट बसवले की कित्येक गाड्या तिथेच सुरू होतात. फ्यूज बॅटरीच्या लाल वायरवर असतो, काचेचा असेल तर जळलेला दिसतो, काळ्या डबीतला असेल तर दोन्ही बाजूंनी व्होल्ट मोजायचे, एका बाजूला आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत म्हणजे तोच गेला. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा टाका. तार गुंडाळून फ्यूज बनवायची आपली घरगुती कला इथे वापरू नका, वर लेकरू बसतं.

आकडा हळूहळू, तासातासाने १२ वरून १३, १४ असा चढत गेला तर बॅटरी चांगली आहे, भरू द्या.

आणि पिन लावल्या लावल्या आकडा एकदम १४ च्या वर उडी मारतो, दिवा हिरवा, पिन काढली की थोड्या वेळात परत ११-१२ वर येऊन बसतो, असं झालं तर बॅटरी गेली. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतंय. या बॅटऱ्या शिशाच्या (लेड-ॲसिड) असतात. रिकामी होताना आतल्या प्लेटींवर लेड सल्फेट तयार होतं, लगेच चार्ज केली तर ते विरघळून जातं, पण तशीच महिनोन् महिने पडली तर त्याचे कडक खडे होतात आणि मग त्या प्लेटी करंट आत घेतच नाहीत. त्यातून ही बॅटरी न वापरताही महिन्याला दोन-तीन टक्के आपोआप उतरत असते, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि रिमोटवाली गाडी असेल तर आतलं सर्किट मुख्य बटण चालू राहिल्यास थेंब थेंब पीत राहतं. पावसाळाभर झाकलेली गाडी म्हणजे नेमकं हेच.

एक शेवटचा प्रयत्न करून बघू शकता. चार्जर दिवसभर, कुणीतरी घरात जागं असताना, लावून ठेवा आणि बॅटरी गरम होत नाहीये ना ते दर दोन तासांनी हात लावून बघा. कधी कधी थोडा थोडा करंट घ्यायला लागते आणि दिवा लाल होतो. झाला तर नशीब, पण अशी बॅटरी पूर्वीइतकी चालत नाही, पाच-दहा मिनिटांत दमते. बॅटरीत सुई टोचून डिस्टिल्ड वॉटर घाला, मीठ घाला, असले व्हिडिओ फिरतात त्यांच्या नादी लागू नका, आत आम्ल आहे.

नवीन घेताना एक सोपी गोष्ट, कारण खेळण्याच्या दुकानात तीच वस्तू महाग मिळते. जुन्या बॅटरीवर १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावतं ते) लिहिलं असेल तर अगदी तीच बॅटरी कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते, १५१ मिलिमीटर लांब, ६५ रुंद, कुठल्याही यूपीएसवाल्याकडे मिळेल. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर ढिगाने. फक्त दोन गोष्टी बघा, टोकांची पट्टी ४.८ मिलिमीटरची आहे का ६.३ ची, नाहीतर जुने चिमटे बसत नाहीत, आणि यूपीएसमधून काढलेली वापरलेली बॅटरी कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. जुनी बॅटरी दुकानातच द्या, शिशाला भाव असतो, थोडे पैसे कमी होतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती कचऱ्याच्या डब्यात टाकायचीही नाही.

पुढच्या पावसाळ्यात गाडी ठेवायच्या आधी पूर्ण चार्ज करा, बॅटरीचा चिमटा काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. कॅलेंडरवर पेपरवाल्याचे पैसे लिहितो तिथेच लिहा.

प्रश्न : नातवाच्या ६ व्होल्टच्या छोट्या बाईकचा चार्जर हरवला. घरात वायफायच्या डब्याचा जुना अडॅप्टर पडलाय, त्याची पिन अगदी बरोबर बसते. तो लावला तर चालेल का? – एक आजोबा, सातारा

आजोबा, नको. लावला असेल तर आत्ता काढा आणि मग पुढचं वाचा.

पिन बसते हा काही पुरावा नाही. राउटर, सीसीटीव्ही, एलईडी पट्ट्या, खेळणी, सगळ्यांना तीच साडेपाच मिलिमीटरची गोल पिन वापरतात, आतून मात्र कुणी ५ व्होल्ट, कुणी ९, कुणी १२. राउटरचा बहुतेक १२ व्होल्टचा असतो. ६ व्होल्टच्या बॅटरीला भरताना सव्वासात व्होल्टच्या आसपासच लागतात, तिथे १२ घातले तर ती उकळते, आत वायू तयार होतो, बॅटरी फुगते, आणि तो वायू हायड्रोजन असतो, पेट घेणारा. त्यातून तुमच्या अडॅप्टरवर २ अँपिअर लिहिलं असेल तर अशा छोट्या गाडीतल्या साडेचार एएचच्या बॅटरीला तेही जास्त, तिला सव्वा-दीड अँपिअरच्या वर देऊच नये.

१२ व्होल्टची गाडी असलेल्या इतर वाचकांनाही हा मोह होतो, म्हणून सांगतो, तिथे राउटरचा अडॅप्टर धोकादायक कमी आणि निरुपयोगी जास्त. तो मोजून १२ व्होल्टच देतो आणि बॅटरीला भरायला साडेचौदाच्या आसपास हवेत, म्हणजे पाव भरायच्या आतच काम थांबतं, पोरगं दोन फेऱ्या मारून रडत येतं आणि अशी कायम अर्धपोटी राहिलेली बॅटरी वर सांगितल्याप्रमाणे कडक होऊन मरते. मोटरसायकलच्या बॅटरीचा गॅरेजमधला मोठा चार्जरही नको, त्याचा करंट या छोट्या बॅटरीला झेपत नाही. आणि कुणाकडे लिथियम बॅटरीचा, ई-स्कूटरचा वगैरे चार्जर असेल तर तो शिशाच्या बॅटरीला नाही आणि शिशाचा लिथियमला तर अजिबातच नाही.

तुम्हाला हवा तो चार्जर असा मागा : ६ व्होल्ट लेड-ॲसिड बॅटरीचा, ५०० मिलिअँपिअरचा, पिनच्या आत प्लस. (गाडीच्या सॉकेटजवळ किंवा पुस्तिकेत गोल चिन्ह असतं, मधल्या ठिपक्याला प्लस जोडलेलं दिसलं की झालं. काही गाड्यांचं उलटही असतं म्हणून बघून घ्या.) साडेचार एएचला ५०० मिलिअँपिअरने नऊ तास, थोडं वाया जातं ते धरून दहा-अकरा तास लागतात. जेवण होईपर्यंत चार्ज होईल अशी नातवाला कबुली देऊन बसू नका.

प्रश्न : बहिणीने न्यू जर्सीहून येताना मुलासाठी तिकडची बॅटरीवाली बाईक आणली. चार्जरला इथली पिन बसवायचा कन्व्हर्टर लावून बटण दाबलं तर फट् करून आवाज झाला आणि जळका वास. गाडीपण गेली का? – एक वाचक, कोल्हापूर

गाडी बहुतेक वाचली आहे, चार्जर मात्र गेला.

तो छोटा कन्व्हर्टर पिनचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. तिकडे घरात १२० व्होल्ट येतात, आपल्याकडे २३०. मोबाईल-लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात म्हणून आपण बिनधास्त होतो, पण खेळण्यांचे चार्जर स्वस्तात करायचे म्हणून बऱ्याचदा एकाच देशापुरते केलेले असतात. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत इनपुट लिहिलेलं असतं, १००–२४० व्होल्ट असेल तर जगात कुठेही लावा, नुसतं १२० व्होल्ट ६० हर्ट्झ असेल तर इथल्या भिंतीला लावायचा नाही. तुमचा दुसऱ्या प्रकारचा होता.

अशा वेळी जळतो तो चार्जरचा भिंतीकडचा भाग, बॅटरीकडे सहसा काही पोचत नाही. तरी सीट काढून व्होल्ट बघा, फुगलेली किंवा ओली दिसतेय का बघा, ठीक असेल तर इथला तेवढ्याच व्होल्टचा आणि अँपिअरचा लेड-ॲसिड चार्जर घ्या. अडचण एकच येते, तिकडच्या काही गाड्यांचा प्लग गोल पिनेचा नसतो, चपटा वेगळाच असतो. मग जळलेल्या चार्जरची वायर प्लगसकट कापून नवीन चार्जरला जोडून घ्यावी लागते. प्लस-मायनस मीटरवर बघून, सोल्डर करून, वरून स्लीव्ह (वायर झाकायची नळी). रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही दहा मिनिटांत करून देईल. २३० चे ११० करणारा जड ट्रान्सफॉर्मर विकत घेऊ नका, एका खेळण्यासाठी कशाला.

जळलेला चार्जर किंवा असा कुठलाही चार्जर आत काय झालंय ते बघायला फोडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) प्लग काढल्यावरही सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास राहू शकतात.

प्रश्न : आमचं उलटं आहे. दिवा लालच राहतो, वीस-बावीस तास झाले तरी हिरवा होत नाही आणि चार्जर इतका तापतो की हात लाववत नाही. – एक बाबा, नागपूर

लगेच बंद करा. चार्जर कोमट होणं नॉर्मल आहे, हात ठेवता येईल इतपत. हात ठेवता येत नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय.

१२ व्होल्टच्या बॅटरीत आत सहा खण असतात, प्रत्येकी दोन-सव्वादोन व्होल्टचे. एक खण आतल्या आत शॉर्ट झाला की उरलेल्या पाचांचे साडेदहाच्या आसपास व्होल्ट दिसतात, कितीही चार्ज केलं तरी पुढे सरकत नाही, चार्जर मात्र बिचारा जीव तोडून करंट ढकलत राहतो आणि तापतो. रात्रभर बाजूला ठेवून सकाळी मोजा, साडेदहालाच अडकलेली असेल तर बॅटरी बदला. बॅटरी स्वतःही गरम होत असेल तर नक्कीच.

तुमच्याकडे अजून दोन गोष्टी. एक, मे महिन्यात पत्र्याखाली किंवा बाल्कनीच्या उन्हात चार्ज करू नका, उष्णतेने या बॅटरीचं आयुष्य भराभर कमी होतं, घरात सावलीत, हवा खेळती असेल तिथे, गादीवर नाही, फरशीवर. दोन, लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चार्जिंग चालू राहत असेल आणि तुमचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा (घरातल्या विजेसारखी गुळगुळीत लाट न देणारा) असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला जड चार्जर त्यावर घूंऽऽ आवाज करत जास्त तापतो. तेवढा वेळ काढून ठेवा.

प्रश्न : ऑनलाईन घेतलेल्या बाईकचा चार्जर आठवड्यात बंद पडला. विक्रेता म्हणतो चार्जर आणि बॅटरीला वॉरंटी नसते. खरं का? – एक वाचक, नाशिक

वॉरंटी कार्डात काय लिहिलंय ते वाचा, बऱ्याचदा तसं लिहिलेलं असतं हे खरं. पण आठवड्यात बंद पडलेली वस्तू सदोषच, ते वॉरंटी नाही म्हणून झटकता येत नाही. आधी वर सांगितल्याप्रमाणे मीटरवर शून्य येतंय त्याचा व्हिडिओ काढा, बिल आणि खोका जपून ठेवा, लेखी तक्रार करा. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही.

एक अजून बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, विजेवरच्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक. खोक्यावर तो मार्क नसेल तर तक्रारीत ते पहिल्या ओळीत लिहा, विक्रेत्याचा सूर बदलतो.

प्रश्न : चार्ज पूर्ण होते, मीटरवर १२.८ येतात, पण पिन काढल्यावर गाडी चालतच नाही. – एक ताई, मडगाव

चार्जिंगचा सॉकेट बघा. पिन घातलेली असताना मुलाने गाडी चालवू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत त्या सॉकेटच्या आत एक छोटी पत्ती असते, पिन गेली की ती मोटरची लाईन तोडते आणि पिन काढली की परत चिकटते. ती वाकली, गंजली की चिकटत नाही, गाडीला वाटतं अजून चार्जिंगच चालू आहे. पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करून बघा, तेवढ्याने चालू झाली तर सॉकेटच दोषी. तीन पायांचा नवा सॉकेट अगदी किरकोळ किमतीला मिळतो, जुन्याचे तिन्ही पाय कुठल्या वायरीला होते त्याचा फोटो काढूनच सोडवा.

प्रश्न : रोज चार्ज केली तर लाईट बिल किती वाढेल? – एक वाचक, डोंबिवली

१२ व्होल्ट ७ एएच म्हणजे ८४ वॅट-तास, वाया जाणारं धरून एका वेळेला युनिटच्या आठव्या-सातव्या भागाइतकी वीज. रोज पूर्ण रिकामी करून रोज भरली तरी महिन्याला चार-पाच युनिट. गीझर पाच मिनिटं आधी बंद करा, निघतील.